गेम आपला, चावी कुणाची?

आमच्या अभ्यासिकेत गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक वाद झाला. वाद तसा किरकोळ होता, पण त्यातून निघालेला प्रश्न किरकोळ नाही, म्हणून हा लेख.

झाले असे की, कपाट आवरताना जुन्या सीड्यांचा एक डबा सापडला. त्यात 'एज ऑफ एम्पायर्स २' होता, 'सिव्हिलायझेशन २' होता, आणखीही बरेच काही होते. आमच्यातल्या तिशी-पस्तिशी ओलांडलेल्यांचे डोळे चमकले. कधीकाळी सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून, एका खुर्चीमागे चौघे उभे राहून खेळलेले हे गेम. पोरांनी 'एज ऑफ एम्पायर्स'ची सीडी विंडोज ७ च्या जुन्या पीसीला लावली. गेम सुरू झाला, पण गवत जांभळे आणि माणसांचे चेहरे हिरवे! नव्या पीसीला तर सीडी ड्राइव्हच नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणला, तर 'सिव्हिलायझेशन २' ने 'हा प्रोग्राम या पीसीवर चालू शकत नाही' एवढे एकच वाक्य दाखवले आणि मान टाकली.

जवळच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने पाहिले न पाहिले आणि निकाल दिला: "जुना माल आहे, आता चालायचा नाही. नवीन आवृत्ती विकत घ्या." आणि आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्या काकांनी दुसरा निकाल दिला: "अरे पोरांनो, परीक्षा तोंडावर आल्या आहेत, आणि तुम्ही ही कसली थेरं घेऊन बसलात? चळवळीला या खेळांचे काय?"

काकांबद्दल आम्हाला आदर आहे. दुरुस्तीवाल्याचे पोट त्याच धंद्यावर आहे, हेही मान्य. पण दोघांचे म्हणणे आम्हाला मान्य नाही. 'चालायचा नाही' हे तांत्रिकदृष्ट्या खोटे आहे आणि 'चळवळीला काय' हे वैचारिकदृष्ट्या अपुरे आहे. दोन्ही मुद्दे क्रमाने घेऊ.

गेम बंद का पडतो?

मुळात एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सॉफ्टवेअरला गंज चढत नाही. सीडीवर ओरखडे पडतील, पण तिच्यावरचा प्रोग्राम १९९९ साली जसा होता तसाच आज आहे. बदलले आहे ते त्याच्या भोवतीचे जग, आणि ते जग कुणीतरी निर्णय घेऊन बदललेले आहे. मग गेम बंद पडला तर त्यामागचा निर्णय शोधायला नको का?

पहिले कारण १६-बिटचे. १९९६ सालचा 'सिव्हिलायझेशन २' विंडोज ३.१ वरही चालावा म्हणून १६-बिट पद्धतीने लिहिला गेला. ६४-बिट विंडोजने १६-बिट प्रोग्रामसाठी दारच ठेवलेले नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४-बिटमध्येच येते. त्या काळातले कितीतरी गेम स्वतः ३२-बिट होते, म्हणजे ते आजही चालू शकतात, पण त्यांचा इन्स्टॉलर १६-बिट होता. घर शाबूत आहे, पण कुलूप अशा किल्लीचे आहे की ती किल्ली आता कुणी बनवत नाही.

दुसरे कारण रंगांचे, म्हणजे आमच्या जांभळ्या गवताचे. 'एज ऑफ एम्पायर्स' किंवा 'स्टारक्राफ्ट' या पिढीचे गेम एका वेळी २५६ रंग वापरत. गेम स्वतःची २५६ रंगांची यादी पडद्यावर लावतो आणि विंडोज ७ चा एक्सप्लोरर मध्येच त्या यादीत आपले रंग घुसवतो. उपाय काय? टास्क मॅनेजर उघडा, एक्सप्लोरर बंद करा, गेम खेळा, झाल्यावर एक्सप्लोरर पुन्हा सुरू करा. खर्च शून्य रुपये. 'नवीन घ्या' म्हणणाऱ्याने हे एक वाक्य सांगितले असते तर काय बिघडले असते?

तिसरे कारण सर्वात बोलके आहे. २००० च्या आसपास अनेक कंपन्यांनी आपल्या सीड्यांवर 'सेफडिस्क' नावाचे कुलूप बसवले. नकली सीडी ओळखण्यासाठी हे कुलूप विंडोजच्या अगदी आतल्या थरात एक ड्रायव्हर बसवत असे. पुढे त्याच ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोके सापडली. २०१५ साली आलेल्या विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला जागाच दिली नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जुन्या विंडोजवरही एका सुरक्षा अपडेटने तो बंद केला. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय बरोबरच होता. पण परिणाम बघा. ज्याने प्रामाणिकपणे पैसे मोजून अस्सल सीडी घेतली, त्याचा गेम बंद पडला. ज्याने कुलूप तोडलेली नकली सीडी घेतली, त्याचा चालू राहिला! नियम पाळणाऱ्यालाच शिक्षा देणारी ही व्यवस्था आहे आणि तिची जबाबदारी घ्यायला कुणीही पुढे आले नाही.

चौथे कारण सर्व्हरचे. एकमेकांशी ऑनलाइन खेळण्यासाठी कितीतरी गेम 'गेमस्पाय' नावाच्या सेवेवर अवलंबून होते. २०१४ च्या मे महिन्याअखेर ती सेवा बंद झाली आणि 'कमांड अँड कॉन्कर जनरल्स'सारख्या गेमची ऑनलाइन बाजू त्यांच्या मालकांच्या हातात असूनही मेली. चाहत्यांनी स्वतःचा सर्व्हर उभा करून ती पुन्हा जिवंत केली. हे काम कंपनीने केले नाही.

हे सुटेसुटे अपघात आहेत असे कुणाला वाटत असेल तर एक आकडा सांगतो. अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात कोणत्याही स्वरूपात विकत मिळत नाहीत, असे त्यात आढळले. म्हणजे शंभरातले फक्त तेरा उरले. कोणत्या तेरांनी उरायचे हे कुणी ठरवले? ज्यात अजून नफा आहे ते उरले, बाकीच्यांचे नाव कुणी काढत नाही.

वाचवले कुणी?

आता दुसरी बाजू. हे गेम आज जे काही चालतात ते प्रामुख्याने कुणामुळे? ज्यांना त्यांनी एक पैसाही मिळवून दिला नाही अशा लोकांमुळे.

'डॉसबॉक्स' २००२ साली आला. जुन्या डॉसच्या मशीनची हुबेहूब नक्कल आजच्या पीसीच्या आत उभी करणारा हा मोफत आणि मुक्त प्रोग्राम. १९९१ चा पहिला 'सिव्हिलायझेशन' असो की १९९२ चा 'ड्यून २', आज ते चालतात ते याच्या जोरावर. आज दुकानात पैसे घेऊन विकले जाणारे अनेक डॉस गेमसुद्धा आतून डॉसबॉक्सवरच चालतात. माल कंपनीचा, पण गाडी लोकांनी बनवलेली.

क्रिस सॉयर यांचा 'ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स' १९९५ चा. तो जवळजवळ सगळा असेंब्ली भाषेत लिहिलेला, म्हणजे नव्या मशीनवर नेणे महाकठीण. २००४ साली एका प्रोग्रामरने त्याचे आतले काम उलगडून 'ओपन टीटीडी' नावाने तो पुन्हा लिहिला. आज तो विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतो, आणि चाहत्यांनी चित्रे आणि आवाजही नव्याने केल्यामुळे मूळ सीडीची गरजसुद्धा उरलेली नाही. वीस वर्षांपेक्षा जास्त काळ माणसे त्यावर काम करत आहेत, तेही फुकट.

'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' हा १९९९ चा गेम. त्याची मूळ मालक कंपनी २००३ साली दिवाळखोरीत गेली आणि हक्क युबिसॉफ्टकडे गेले. २०१५ मध्ये त्यांनी नवी आवृत्ती काढली, तर त्यात गेमचे दोन विस्तारभागच नव्हते. कारण काय, तर त्यांचा मूळ सोर्स कोड कंपनीकडे उरलेलाच नव्हता. म्हणजे हक्काचा कागद तिजोरीत होता, पण ज्या वस्तूचा हक्क ती वस्तू हरवलेली! इकडे 'व्हीसीएमआय' नावाने चाहत्यांनी त्या गेमचे इंजिन शून्यातून लिहून काढले. मालकी एकाकडे आणि राखण दुसऱ्याकडे, हे चित्र आपल्याला नवीन नाही.

सगळ्याच कंपन्या वाईट असे आम्ही म्हणत नाही. चिकित्सा करायची तर दोन्ही बाजूंनी केली पाहिजे. 'स्टारक्राफ्ट'च्या मालकांनी २०१७ मध्ये मूळ गेम नव्या विंडोजवर चालेल असा दुरुस्त करून चक्क मोफत दिला आणि सुधारित आवृत्ती वेगळी विकली. ज्याला जुना हवा त्याला जुना, ज्याला नवा हवा त्याला नवा. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०२० मध्ये 'कमांड अँड कॉन्कर'च्या पहिल्या दोन गेमच्या सोर्स कोडचा महत्त्वाचा भाग आणि २०२५ मध्ये 'जनरल्स'सह आणखी काही गेमचा कोड मुक्त परवान्याखाली खुला केला. 'एज ऑफ एम्पायर्स २' साठी चाहत्यांनी हौसेने बनवलेला विस्तार मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये अधिकृत केला आणि त्या चाहत्यांनाच पुढचे काम दिले. हे योग्यच झाले.

पण 'वॉरक्राफ्ट ३' चे काय झाले? २००२ चा हा गेम. जानेवारी २०२० मध्ये त्याची 'रीफोर्ज्ड' आवृत्ती आली. ज्यांनी जुना गेम विकत घेतलेला होता आणि नवा घ्यायची इच्छा नव्हती, त्यांच्यावरही ऑनलाइन खेळायचे तर नवे अपडेट लादले गेले, आणि आधी असलेल्या काही सोयी त्यातून गायब झाल्या. वर अट अशी की, खेळाडूंनी या गेममध्ये जे स्वतःचे नकाशे आणि खेळ तयार करायचे, त्यांची मालकी कंपनीची. 'डोटा'सारखा जगभर गाजलेला खेळप्रकार याच गेमच्या खेळाडूंनी जन्माला घातला होता. म्हणजे श्रम तुमचे, कल्पना तुमची, मालकी आमची! हा न्याय आपल्या ओळखीचा वाटतो की नाही?

चळवळीला याचे काय?

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. खेळ बाजूला ठेवा. हे गेम आम्ही आणखी एका कारणासाठी चालते ठेवू इच्छितो, आणि ते कारण 'सिव्हिलायझेशन ४' मध्ये आहे.

२००५ सालचा हा गेम. यात तुम्ही एका संस्कृतीचे नेते होऊन इसवी सनापूर्वीपासून आधुनिक काळापर्यंत राज्य चालवता. आधीच्या भागांत भारताचा चेहरा म्हणजे गांधीच. या भागात प्रथमच सम्राट अशोक आले. बौद्ध धम्मासह सात धर्म आले आणि निर्मात्यांनी सगळ्या धर्मांचे परिणाम मुद्दाम सारखे ठेवले, कुणाला वर नाही, कुणाला खाली नाही. इथपर्यंत ठीक.

पण राज्यव्यवस्थेच्या पडद्यावर 'श्रम' नावाचा एक रकाना आहे. त्यात पाच पर्याय येतात: टोळीजीवन, गुलामगिरी, भूदासपद्धती, जातिव्यवस्था आणि मुक्ती. होय, जातिव्यवस्था! 'कायद्याची संहिता' हे तंत्र शोधले की ती खुली होते. आणि तिचा फायदा काय? तुमच्या शहरात हवे तितके कलावंत, शास्त्रज्ञ आणि व्यापारी नेमता येतात. कोणतीही मर्यादा नाही.

क्षणभर थांबून हे नीट वाचा. ज्या व्यवस्थेने माणसाला जन्मापासून एका धंद्याला खिळवले, ज्या व्यवस्थेत कोट्यवधींना अक्षर गिरवण्याची बंदी होती, ती व्यवस्था या गेममध्ये वाटेल तितके शास्त्रज्ञ तयार करणारी सोय म्हणून येते. वास्तवाच्या बरोबर उलट! तिला विरोध करणारे कुणी नाही, तिच्याखाली चिरडलेले कुणी नाही. शहरातल्या जनतेचा चेहरा तिच्यामुळे रुसतसुद्धा नाही. बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले होते की, जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे. सत्तर वर्षांनी जगभर खेळल्या गेलेल्या गेमने तिला पुन्हा श्रमाच्या रकान्यात नेऊन बसवले.

याच गेममध्ये 'मुक्ती' हा पर्यायही आहे, तो लोकशाहीबरोबर येतो. आणि एका देशाने मुक्ती स्वीकारली की ती न स्वीकारणाऱ्या देशांतली प्रजा अस्वस्थ होऊ लागते. हा नियम लिहिणाऱ्याला काहीतरी खरे कळले होते. स्वातंत्र्याची बातमी सीमा ओलांडते आणि आतल्या माणसाला बसू देत नाही. म्हणजे एकाच रकान्यात एक धडधडीत चूक आणि एक खोल सत्य शेजारी शेजारी बसले आहे.

आता सांगा, यावर आपण बोलायचे तर कशाच्या आधारावर? कुणीतरी सांगितले म्हणून? आम्ही तो गेम चालवून पाहिला. एवढेच नाही, 'सिव्हिलायझेशन ४' ची गंमत अशी की त्याचे बरेचसे नियम साध्या मजकुराच्या एक्सएमएल फाइलींमध्ये लिहिलेले आहेत. त्यातली राज्यव्यवस्थेच्या पर्यायांची फाइल नोटपॅडमध्ये उघडली की जातिव्यवस्थेची नोंद समोर येते. कोणता फायदा, किती खर्च, सगळे ओळीओळीने. आमच्या पोरांनी त्या फाइलीची प्रत करून नोंद बदलली. शास्त्रज्ञांची मोकळीक काढली, असंतोष वाढवला आणि गेम पुन्हा खेळला. अकरावीतल्या एका मुलीने खेळ संपल्यावर विचारले, "दादा, खरी जात टाकली तर कुणी हा पर्याय निवडेल का?" आमच्या अभ्यासवर्गात यापेक्षा चांगला प्रश्न बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

गेम चालला नसता तर ही चिकित्सा शक्य होती का?

आणखी एक उदाहरण घ्या. पहिल्या 'सिव्हिलायझेशन'मधले गांधी प्रोग्राममधल्या एका चुकीमुळे अणुबॉम्ब टाकत सुटत, अशी दंतकथा इंटरनेटवर कित्येक वर्षे फिरली. आकडा शून्याखाली गेला आणि फिरून २५५ झाला, असे मोठ्या थाटात सांगितले जाई. गेमचे जनक सिड मायर यांनी २०२० च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात ही चूक कधी नव्हतीच असे स्पष्ट केले. पण निर्मात्याचा शब्द हासुद्धा शेवटी शब्दच. तो तपासायचा तर १९९१ चा मूळ गेम चालता हवा. पुरावा हाताशी नसेल तर दंतकथाच इतिहास होऊन बसते. हे आपल्याला कुणी शिकवायची गरज आहे का?

तिसरे उदाहरण याहून नाजूक आहे. 'एज ऑफ एम्पायर्स ३' हा २००५ चा गेम अमेरिका खंडातल्या वसाहतींवर आहे. २०२० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली तेव्हा मूळनिवासी लोकांच्या चित्रणात दुरुस्त्या झाल्या. 'इरोक्वॉय' ऐवजी 'हॉडेनोशोनी', 'सू' ऐवजी 'लाकोटा', म्हणजे परक्यांनी दिलेल्या नावांऐवजी त्या लोकांची स्वतःची नावे आली. 'वसाहतीचे युग' जाऊन 'व्यापाराचे युग' आले आणि 'प्लँटेशन'चे 'इस्टेट' झाले. नावांच्या दुरुस्तीचे आम्ही मनापासून स्वागत करतो. माणसाला त्याने स्वतः घेतलेल्या नावाने हाक मारणे हा सन्मानाचा पहिला नियम आहे. पण वसाहतीला व्यापार म्हटल्याने वसाहत नाहीशी होते का? ती दुरुस्ती झाली की सारवासारव, यावर वाद घालता येईल. मात्र तो वाद घालायला २००५ चा मूळ गेमही चालता राहिला पाहिजे. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी पुसली गेली, तर काय होते आणि काय बदलले हे फक्त मालकच सांगू शकेल.

म्हणून काका, हा प्रश्न चळवळीचाही आहे. ज्या माध्यमातून आजची पोरे इतिहास पहिल्यांदा पाहतात, त्या माध्यमाचे जुने दस्तऐवज कुणाच्या ताब्यात राहणार, हा तो प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो?

इथे कुणीतरी म्हणेल, "हे सगळे ठीक, पण कायद्याचे काय?" आपण कायदा वाचणारी माणसे आहोत, तेव्हा तोही वाचू.

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. कॉम्प्युटर प्रोग्राम त्यात साहित्यकृती मानला जातो. याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये हक्कभंग कशाला म्हणायचे नाही याची यादी आहे. ज्याच्याकडे प्रोग्रामची प्रत कायदेशीररीत्या आहे, त्याने ती ज्या कामासाठी मिळाली त्या कामासाठी वापरता यावी म्हणून प्रत किंवा बदल करणे, हरवू वा खराब होऊ नये म्हणून राखीव प्रत ठेवणे, दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी आणि इतरत्र सहज न मिळणारी माहिती काढणे, प्रोग्राम कसा चालतो याचे निरीक्षण आणि अभ्यास करणे, आणि स्वतःच्या बिगरव्यापारी वापरासाठी प्रत करणे, हे सगळे त्या यादीत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. डिजिटल कुलूप तोडण्याला त्यात शिक्षा आहे, पण ती हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला. म्हणजे विकत घेतलेला गेम स्वतःच्या पीसीवर चालवण्यासाठी धडपडणारा माणूस आपल्या कायद्याच्या नजरेत चोर नाही. हे किती जणांना माहीत आहे?

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तिथे १९९८ च्या कायद्याने डिजिटल कुलूप तोडण्यावर बंदी घातली आणि दर तीन वर्षांनी सवलती मागाव्या लागतात. ग्रंथालयांनी जतन केलेले जुने गेम संशोधकांना घरबसल्या दूरून पाहू द्यावेत, ही मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली गेली. पुस्तक घरी नेता येते, चित्रपट घरी बघता येतो, गेम मात्र त्या इमारतीत जाऊनच पाहायचा. आणि तिथे कंपनीच्या कृतीवरचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतो. १९९७ चा 'एज ऑफ एम्पायर्स' २०९२ संपेपर्यंत मालकाच्या ताब्यात! तोपर्यंत ना ती सीडी उरेल, ना ती वाचणारे यंत्र, ना आपण.

यावर कंपन्यांची बाजू अशी असते की, जुने गेम नव्याने करायला माणसे आणि पैसा लागतो, फुकट वाटले तर ते कोण करणार? युक्तिवाद खोटा नाही. जो गेम विकत मिळतो, चांगल्या अवस्थेत मिळतो, तो विकतच घ्यावा. प्रोग्रामर, चित्रकार, संगीतकार यांच्या घामाचे मोल दिले पाहिजे, श्रमाची चोरी आपल्याला शोभत नाही. आमच्या पिढीने नकली सीड्यांवर खेळून घेतले, त्याचे समर्थन आम्ही करत नाही. पण जो गेम कुणी विकतच नाही, त्याचे कोणते नुकसान होते? दुकानाला कुलूप लावायचे, माल आत कुजू द्यायचा आणि बाहेर उभ्या माणसाला चोर म्हणायचे, हा कुठला न्याय?

करायचे काय?

नुसती टीका करून थांबणे आपल्या परंपरेत नाही. म्हणून आम्ही जे केले ते सांगतो.

घरातल्या, वस्तीतल्या जुन्या सीड्या शोधा आणि त्यांची इमेज फाइल करून हार्ड डिस्कवर ठेवा. विंडोज १० आणि ११ मध्ये अशी आयएसओ फाइल डबल क्लिक केली की सीडीसारखी उघडते. काही कुलूपबंद सीड्यांची प्रत अशी निघणार नाही, पण बहुतेकांची निघेल. सीडीचे आयुष्य संपत आले आहे, हे काम आधी करा.

गेम डॉसचा असेल तर डॉसबॉक्स वापरा. फार वेगाने पळत असेल तर त्यातला सायकल्सचा आकडा कमी करा. गेम विंडोज ९५-९८ च्या काळातला असेल आणि रंग बिघडत असतील, पडदा काळा राहत असेल, तर 'सीएनसी-डीड्रॉ' नावाची छोटी मोफत फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकून पाहा. सुरुवातीच्या थ्रीडी गेमसाठी 'डीजीव्हूडू' आहे. तो जुन्या ग्राफिक्सची भाषा नव्या कार्डाला समजावून सांगतो. डायरेक्टप्ले मागितले तर ते विंडोजच्या 'फीचर्स'मध्येच आहे, फक्त चालू करायचे असते. १६-बिट गेमसाठी 'वाइनव्हीडीएम' आहे, नाहीतर डॉसबॉक्समध्ये विंडोज ३.१ बसवून त्यात तो चालतो. आमचा 'सिव्हिलायझेशन २' असाच उठून बसला. आणि पीसी जुना, कमी ताकदीचा असेल तर लिनक्स टाका. 'वाइन'च्या मदतीने तिथे कितीतरी जुने विंडोज गेम नव्या विंडोजपेक्षा बरे चालतात. अनोळखी साइटवरून मात्र काहीही उतरवू नका, प्रत्येक प्रकल्पाच्या स्वतःच्या पानावरूनच घ्या.

विकत घेताना कुलूप नसलेली प्रत देणारे दुकान निवडा. २००८ पासून चालणारे पोलंडचे 'जीओजी' अशा प्रती विकते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात तर २०२५ पासून कायदाच आहे की, ग्राहकाला मालकी नव्हे, फक्त वापराचा परवाना मिळत असेल तर दुकानाने 'विकत घ्या' म्हणताना ते स्पष्ट सांगितले पाहिजे. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेला २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. विकलेला गेम कंपनीने हवा तेव्हा मारू नये, एवढीच त्यांची मागणी आहे. आपल्याकडे ही मागणी कुणी मांडायची?

आणि शेवटचे, सर्वात महत्त्वाचे. मुक्त इंजिनांच्या कामात उतरा. 'ओपन टीटीडी', 'ओपन आरए', 'फ्रीसिव्ह', 'झीरो एडी' यांचा कोड खुला आहे. 'एज ऑफ एम्पायर्स २' च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आहे, मराठी कधी येईल ते कंपनी ठरवेल. मुक्त गेममध्ये मराठी कधी येईल ते आपण ठरवू शकतो. भाषांतर करायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही, मराठी यावी लागते. ज्या पोराला आज गेमची फाइल उघडायची भीती वाटत नाही, त्याला उद्या सरकारी पोर्टलचा कोडही परका वाटणार नाही.

आता अभ्यासिकेत दर रविवारी दोन तास जुने गेम चालतात. अभ्यास संपल्यावर, ही अट काकांची. गेल्या महिन्यात काका स्वतः येऊन बसले, चष्मा पुसत पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तो जातीचा रकाना दाखव बघू." आम्ही दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, "ही फाइल जपून ठेवा. मूळची पण, आणि तुम्ही बदललेली पण."

आम्ही दोन्ही जपून ठेवल्या आहेत. तुमच्या कपाटात काय आहे, ते उघडून बघा.